देऱ्यातला पॅट्रिकबाबांचा उरूस

दारात कुणीही उभं राहिलं की हनीफ बुरोंडकरांना दोनच प्रश्न पडत. हा कुणाचा? आणि हा जेवला का? पासपोर्ट, व्हिसा, बुकिंग नंबर वगैरे भानगडी त्यानंतर. दापोलीकडच्या एखाद्या घराच्या ओटीवर हा स्वभाव शोभून दिसला असता. पण हनीफभाई होते दुबईतल्या देरा भागातल्या ‘कॅमल नॅप’ नावाच्या हॉस्टेलचे मॅनेजर, आणि तिथे उतरणारी मंडळी आपण कुणाचे आहोत हे चार दिवस विसरावं म्हणूनच घरातून निघालेली असत.

ही मंडळी म्हणजे बॅकपॅकर. पाठीवर स्वतःएवढी पिशवी, खिशात बेताचे पैसे आणि चेहऱ्यावर सगळं जग बघून टाकण्याची घाई. जुन्या इमारतीचा तिसरा मजला आणि वरची गच्ची एवढंच हॉस्टेल. एकेका खोलीत रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक पलंग, बाथरूम सामाईक, नाश्त्याला पाव-जॅम.

त्याआधी बरीच वर्षं हनीफभाईंनी याच देऱ्यात गावच्या जमातीची खोली सांभाळली होती. गावचा पोरगा नोकरी शोधायला आखातात आला की सामान टाकायचं ते या खोलीत. तिथले कायदे कडक. चपला दाराबाहेर. स्वयंपाक पाळीपाळीने. एकट्याने जेवायचं नाही. इशाची, म्हणजे रात्रीची शेवटची नमाज झाली की आवाज खाली. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायचं, पण उशीर का झाला ते त्याने सांगायचं. परेश राजवाडे या ठाण्याच्या तरुण शेठने हॉस्टेल काढलं आणि ते हनीफभाईंच्या हाती दिलं, तेव्हा हनीफभाईंनी मनात फक्त एवढीच दुरुस्ती केली की, गाव जरा मोठं झालं. कायदे तेच राहिले.

त्याचा परिणाम इंटरनेटवर दिसू लागला. एका जर्मन मुलाने लिहिलं, ‘मी स्वतःचा शोध घ्यायला निघालो होतो. मॅनेजरने मला गच्चीवर अनवाणी शोधून काढलं आणि सपाता घालायला लावल्या.’ ब्राझीलच्या एकीने लिहिलं, ‘पहाटे परत आले तर टेबलावर भात झाकून ठेवलेला आणि वर चिठ्ठी: तुझी आई काळजीत असेल.’ एका ऑस्ट्रेलियनाचा अभिप्राय तर एका ओळीचाच होता. ‘खोली स्वच्छ. नाइटलाइफ शून्य. वडिलांपासून पळून आलो, ते इथे आधीच चेक-इन झालेले.’

मार्चच्या सुरुवातीला परेशशेठ हॉस्टेलवर आले. हातात आयपॅड, पायात पांढरे बूट, तोंडात ‘व्हाइब’. हा शब्द ते श्वासासारखा घेत.

“हनीफभाई, रूम्स टॉप आहेत. क्लीनलिनेस टॉप. पण व्हाइब कुठे आहे?”

“कुठली रूम, शेठ?”

“रूम नाही हो! माहौल, माहौल! यंग पब्लिक आहे, त्यांना धमाल पाहिजे. तुम्ही त्यांना अब्बाजान देताय.”

आपण काय देतो याचा हनीफभाईंनी कधी विचार केला नव्हता.

“सरळ सांगतो,” शेठ म्हणाले. “रेटिंग आठच्या खाली अडकलंय. सोळा मार्चला आयर्लंडची आठ मुलं येतायत, गॉलवेची. त्यांच्या गावात म्हणे हॉस्टेल आणि पब यांच्याशिवाय तिसरी इमारत नाही. सतराला त्यांचा सगळ्यात मोठा फेस्टिव्हल असतो. त्यांच्यातली ओर्ला नावाची मुलगी हॉस्टेलांवर लिहिते, लाखभर लोक वाचतात. पिण्याचं त्यांचं ते बघतील, बाहेर हॉटेलात जातील. इथे गच्चीवर तुम्ही त्यांच्या फेस्टिव्हलचा माहौल द्या. आवडलं तर ठीक. नाही तर...”

“नाही तर?”

“दाराला कोडवालं लॉक बसवतो, चेक-इन मशीनवर. आणि तुम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला या. तिथल्या फॅक्टरीच्या स्टाफ अकोमोडेशनला सुपरवायजर पाहिजे. तुमच्यासाठी फिट आहे. नऊला लाइट बंद!”

शेठनी हे प्रेमाने सांगितलं आणि तीच पंचाईत होती. त्या कामाचा पगार चांगला होता, पण राहायचं तिथेच, घरी फक्त रविवारी. घर होतं अजमानला, म्हणजे देऱ्याहून बसने तासाभरावर. बायको शहनाझ आणि मुलगी यम्ना यांना हनीफभाईंनी तीन वर्षांपूर्वी गावाहून आणलं होतं. त्याआधीचा सगळा संसार फोनवर आणि विमानाच्या सामानात झाला होता. यम्ना चालायला लागली ती त्यांनी मोबाइलवर पाहिली, आणि तेव्हाही नेमकी रेंज गेल्यामुळे ती एक पाय उचलून थांबलेलीच दिसली. आता कुठे रोज रात्री घरचं जेवण आणि घरचीच भांडणं मिळू लागली होती. पन्नाशी उलटल्यावर परत बॅचलर व्हायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

त्या रात्री अजमानला जेवताना त्यांनी विषय काढला.

“यम्ना, आयर्लंडच्या लोकांचं सतरा मार्चला काय असतं?”

यम्ना दहावीत. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. “सेंट पॅट्रिक्स डे, अब्बा. ही वॉज अ सेंट.”

“सेंट म्हणजे वली. बरं. मग करतात काय?”

“दे वेअर ग्रीन. एव्हरीथिंग इज ग्रीन.”

हनीफभाईंचा घास हातात राहिला. “हिरवं? आणि तारीख सतराच का?”

यम्नाने फोनवर पाहिलं. “ही डाइड ऑन दॅट डे.”

हनीफभाईंनी घास खाली ठेवला. एक वली. त्याच्या इंतकालची तारीख. हिरवा रंग. लोक लांबून जमतात, मिरवणूक काढतात. “अगं, मग हा उरूस आहे!”

“नो अब्बा, इट्स मोस्टली बिअर.”

“आमच्याकडे उरसाला येऊन झाडामागे पिणारे नाहीत की काय? त्याने पीर बदलतो?”

यम्नाने आईकडे पाहिलं. शहनाझभाभी आमटी वाढत होत्या. त्यांचा स्वभाव असा, की नवऱ्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग ते व्यवहारात बसेल एवढं कापून ठेवायचं.

“रमजान चालू आहे,” त्या म्हणाल्या. “त्यात तुम्ही उरूस करणार, आणि तोही किरिस्तावांच्या पीराचा?”

“मी काय फातेहा देणार नाही. तो त्यांचा, दुआ त्यांनी करावी.”

“मिरवणूक? संदल? पोलीस तुम्हाला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला नाही, थेट मुंबईला पाठवतील.”

“रस्त्यावर काही नाही. गच्चीवर हिरवे दिवे आणि जेवण. बस.”

शहनाझभाभींनी विचार केला. “इफ्तार तर आपण कुणालाही घालतो. दारात आलेल्याला धर्म विचारत नाही. मग गच्चीवर इफ्तार करा, शेवटी गोड म्हणून मलिदा द्या. त्यांना वाटलं तर उरूस, कुणी विचारलं तर इफ्तार. खलास.”

मग हनीफभाई कामाला लागले. लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या अजमानच्या मलबारी दुकानातून हिरव्या दिव्यांच्या माळा आणल्या. सोबत हिरव्या साटिनचं लांबलचक कापड घेतलं, कडेला सोनेरी झालर असलेलं. दुकानदार म्हणाला, “निकाह है?” हनीफभाई म्हणाले, “उरूस है, हबीबी.” “कौनसे बाबा का?” “पॅट्रिकबाबा का.” दुकानदाराने हे नाव केरळात कुठे ऐकलंय का याचा प्रामाणिकपणे विचार केला आणि अदबीने माळांचं भाडं कमी केलं.

सोळा तारखेला आयरिश मंडळी आली. उन्हाने आधीच लाल झालेली, सहा फुटी, हसरी, दंगेखोर. ओर्ला बुटकी, चष्मेवाली आणि सतत काहीतरी टिपणारी. तिच्या मागे डिक्लन नावाचा दारात न मावणारा मुलगा. हनीफभाईंनी पासपोर्ट घ्यायच्या आधीच पहिला प्रश्न टाकला.

“तुमच्या बाबांचा दर्गा कुठे आहे?”

“कुठल्या बाबांचा?”

“पॅट्रिकबाबांचा. कबर. ते कुठे दफन आहेत?”

आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी म्हणे डब्लिन, कुणी म्हणे डोंगरावर, डिक्लन म्हणाला रोममध्ये असेल. हनीफभाईंच्या चेहऱ्यावर कळवळा दाटला. एवढी जिवाची हौस, हिरव्या टोप्या, हिरव्या पिशव्या, सात समुद्र पार, आणि आपल्या पीराची जागा ठाऊक नाही! गावच्या खोलीत असा पोरगा आला असता तर त्यांनी त्याला आधी बसवून पाणी दिलं असतं. त्यांनी आठही जणांना बसवून पाणी दिलं.

ओर्लाला ते जरा लागलंच. तिने आईला फोन लावला.

“आई, पॅट्रिक कुठे पुरलाय? नाही, मी प्यायलेली नाही. हॉस्टेलचे मॅनेजर विचारतायत.”

पलीकडून एवढा मोठा आवाज आला की फोन स्पीकरवर नसूनही सगळ्यांना ऐकू गेला. “डाउनपॅट्रिक! गावाच्या नावातच आहे! शाळेत काय करत होतीस? आणि त्या माणसाला फोन दे.”

हनीफभाईंनी फोन घेतला. दोघांचं इंग्रजी आपापल्या गावचं असल्यामुळे कुणालाच कुणाचं फारसं कळलं नाही. माऊली बराच वेळ बोलली. हनीफभाई मध्ये मध्ये “येस, सिस्टर. इन्शाल्ला, सिस्टर,” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर दोन्ही बाजू समाधानी होत्या. त्यातून हनीफभाईंनी एक गोष्ट नेमकी पकडली होती.

“तुमचे पण उपास चालू आहेत?” त्यांनी ओर्लाला विचारलं.

“लेंट. ईस्टरच्या आधीचे. मी नाही करत,” ती म्हणाली. “आई करते. चहातली साखर सोडते आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा त्रास होतो.”

“रोजे पण आहेत,” हनीफभाई स्वतःशीच म्हणाले. आता त्यांच्या मनात तसूभरही शंका उरली नाही.

सतरा तारखेची संध्याकाळ. आयरिश मंडळींनी रात्री आठला एका हॉटेलातल्या पबात टेबल सांगून ठेवलं होतं. तिथे जाण्याआधी गच्चीवर ‘फेस्टिव्हल’ आहे एवढंच त्यांना माहीत होतं. ती वर आली तेव्हा गच्ची हिरवीगार उजळली होती. मधोमध सोनेरी झालरीचं हिरवं साटिन अंथरलेलं. एरवी ही चादर मजारीवर चढायची, पण मजार राहिली डाउनपॅट्रिकला. म्हणून हनीफभाईंनी तिचा दस्तरखान केला. त्यावर शहनाझभाभींनी अजमानहून आणलेलं सांदण, खिम्याचे पॅटिस, भजी, खजूर, फळांच्या फोडी आणि झाकलेलं एक मोठं पातेलं.

“चपला बाहेर,” हनीफभाई म्हणाले. “आणि डोकी झाका.”

आठ जणांनी पिशव्यांतून फूटभर उंचीच्या, पितळी बकलांच्या हिरव्या टोप्या काढल्या आणि घातल्या. हनीफभाईंना भरून आलं. मंडळी तयारीने आली होती. डिक्लनने मात्र सणाचं सामान म्हणून संताचा दाढीवाला, काठी घेतलेला, फुगवायचा पुतळाही आणला होता. हनीफभाईंनी तो हळूच हवा काढून घडी करून परत दिला. “पीराचा फोटो नको, बेटा.”

मग वाट पाहणं सुरू झालं. हनीफभाई पहाटेपासून उपाशी आहेत हे कळल्यावर डिक्लनने तोंडाशी नेलेलं भजं परत ठेवलं आणि त्याकडे असं पाहत बसला, जसं मांजर मासळीकडे पाहतं. मशिदीतून अजान झाली. खजूर फिरला. पुढची दहा मिनिटं आयर्लंड आणि कोकण यांच्यात एक शब्दही झाला नाही. दोन्ही देशांची तोंडं भरलेली होती.

“आता,” हनीफभाई म्हणाले, “बाबांची करामत सांगा. उरसात सांगतात.”

ओर्लाने सांगितलं की पॅट्रिकने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले. आजही तिथे साप नाही.

“एकसुद्धा?”

“एकसुद्धा.”

“अल्ला! दहा दिवस बाबांना आमच्याकडे पाठवायला हवं होतं. आमच्या आंब्याखाली नुसते सापच राहतात,” शहनाझभाभी म्हणाल्या. आईसोबत आलेल्या यम्नाने ते इंग्रजीत सांगितलं आणि मंडळी खदखदून हसली.

नेमके याच वेळी परेशशेठ वर आले. त्यांना निऑन दिवे, नाचणारी तरुणाई आणि व्हाइब अपेक्षित होता. दिसलं काय, तर आठ आयरिश मांडी घालून ओळीने बसलेत, डोक्यावर टोप्या, आणि शहनाझभाभी “आणखी एक घे, लाजू नको,” म्हणत वाढतायत.

“हनीफभाई,” शेठ कुजबुजले, “ही पंगत आहे!”

“उरूस आहे, शेठ. बसा, चपला काढा.”

“यांना नाचायचं असतं!”

“कोण अडवतंय? मलिदा खाऊन नाचतील.”

पातेल्याचं झाकण निघालं. कुस्करलेल्या पोळीत गूळ, तूप आणि खोबरं. डिक्लनने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि पातेलं आपल्या बाजूला सरकवलं. मग तो न विचारताच गायला लागला. बाकीच्यांनी सूर धरला. गाणं कुणा घर सोडून बोटीवर चढलेल्या माणसाचं आहे असं ओर्लाने सांगितलं. हनीफभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “परत आला का तो?” ओर्ला म्हणाली, गाण्यात तरी नाही.

आठ वाजता मंडळी पबात गेली. जाताना प्रत्येकाने उशीर होईल असं सांगितलं, आणि का होईल तेही. परेशशेठना हे अशुभ वाटलं. पण उरलेला मलिदा ते उभ्याउभ्याच संपवत होते.

दोन दिवसांनी ओर्लाचं लिखाण आलं. यम्नाने घरी ते वाचून दाखवलं. लिहिणारी पोरगी प्रामाणिक होती. तिने लिहिलं होतं, ‘नाइटलाइफ: शून्य. मी हे जबाबदारीने लिहिते आहे. पबातलं सगळं गॉलवेसारखंच होतं, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. हॉस्टेलच्या मॅनेजरने मात्र आम्हाला विचारलं की तुमचा संत कुठे पुरलाय, आणि आम्हाला माहीत नव्हतं. मग त्याने आम्हाला जेवू घातलं. माझी आई आता त्याला रोज फोन लावते, दोघांना एकमेकांचं काही कळत नाही.’ माहौलाला दहापैकी दहा, नाइटलाइफला शून्य. सगळ्याची सरासरी काढली तर हॉस्टेल आठच्या आणखी खाली गेलं होतं.

“खलास,” हनीफभाई म्हणाले. त्यांनी कपाटावरची जुनी बॅग उतरवून पुसायला घेतली.

पण दुसऱ्या दिवशी परेशशेठ आले ते नाचतच. “हनीफभाई! शंभरेक मेसेज! सगळे विचारतायत, नेक्स्ट सेंट कधी? आपण दर शुक्रवारी करू. ‘उरूस नाइट’! पर हेड तीस दिरहम, म्हणजे सातशे रुपये. दिवे आहेतच, मलिदा आहेच, बाबा कोणी पण चालेल. पॅट्रिकच रिपीट करा!”

“नाही, शेठ.”

“काय नाही?”

“उरूस वर्षातून एकदा. तारीख बाबांची असते, आपली नाही. शुक्रवारी कुणाला मारू?”

“हनीफभाई, मी तुम्हाला इथे ठेवतोय! घरी जाता येईल रोज!”

हनीफभाईंनी मान खाली घातली. त्यांना घर हवं होतंच. पण खोट्या तारखेचा मलिदा त्यांना घशाखाली उतरला नसता. “मग मला पार्कला पाठवा,” ते म्हणाले.

हे घरी कळलं तेव्हा शहनाझभाभींनी हातातला झारा ओट्यावर आपटला. “आयर्लंडच्या पीराची तारीख हलू नये म्हणून तुम्ही बायकोला आठवड्याला एक दिवस देणार? वा! माझा उरूस कधी करताय तेही सांगून टाका!”

“तसं नाही गं...”

“फोन द्या इकडे.”

त्यांनी थेट परेशशेठना फोन लावला. हनीफभाई दाराआड उभे राहून अर्धाच संवाद ऐकत होते, पण भाभींचा अर्धा पुरेसा होता.

“शेठ, मी शहनाझ. तो मलिदा माझा होता. हां, तुम्हीच संपवलात, कळलं मला... ऐका, दर शुक्रवार जमणार नाही. पण तुमच्याकडे साऱ्या जगाची पोरं येतात. जगात वली कमी आहेत का? आमची यम्ना म्हणते, त्यांच्या कॅलेंडरात रोज कुणी ना कुणी असतो. आलेल्या पोराला विचारायचं, तुझ्या गावचा बाबा कोण, तारीख काय. खरी तारीख आली तर मलिदा. नाही आली, तर साधं जेवण... हो, मशीन बसवा की. दार मशीन उघडेल. जेवलास का, हे विचारेल ती? ...मग? आणि तुपाचे पैसे वेगळे.”

शेवटी पलीकडून परेशशेठ म्हणाले, “भाभी, मीटिंगला तुम्हीच येत जा.”

कोडवालं लॉक बसलं. चेक-इन आता मशीनवर होतं. मशीन पासपोर्ट वाचतं, पलंगाचा नंबर देतं आणि दार उघडतं. दाराच्या आत, पंख्याखाली, एक प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर हनीफभाई बसतात. मेक्सिकोचा मुलगा आला, त्याने आपल्या गावच्या संताची तारीख लगेच सांगितली. फिलिपाइन्सच्या मुलीने चार बाबा सांगितले, तेव्हा भाभींनी फोनवर तिला दोनच निवडायला लावले. परवा नॉर्वेचा एक उंच, अबोल मुलगा आला.

“तुझ्या गावचा बाबा कोण?”

“माझा कशावर विश्वास नाही,” तो म्हणाला.

हनीफभाईंनी जरा विचार केला. “बरं. वडिलांचं नाव काय?”

“लार्स.”

“जेवलास?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. हनीफभाईंनी त्याला गच्चीवर नेऊन डाळभात वाढला, ताट धुवायची पाळी कुणाची ते दाखवलं, सपाता दिल्या, आणि घड्याळ पाहून घाईने जिना उतरले. अजमानची बस चुकली की भाभी ताट झाकून ठेवत, पण उशीर का झाला ते सांगावं लागे.